तलवार राहू द्या, पाटी बदला

काचेच्या पेटीत ठेवलेली जपानी अधिकाऱ्याची तलवार पाहताना नजर आधी पात्यावर जाते. माझं म्हणणं, आधी मूठ पाहावी. लाकडी मुठीवर पाकट माशाची दाणेदार कातडी ताणून बसवलेली असते. तिच्यावर तपकिरी दोर आडवातिडवा असा गुंडाळलेला असतो की मधे मधे शंकरपाळ्यासारखे चौकोन उघडे राहतात आणि त्यांतून कातडीचे पांढरे दाणे दिसतात. परजेवर, म्हणजे मूठ आणि पातं यांमधल्या चकतीवर, चेरीची फुलं. मूठ आणि पातं एकत्र धरून ठेवायला बांबूची एवढीशी खुंटी. टोकाला गोंडा लोंबतो, आणि त्याच्या रंगावरून अधिकारी कनिष्ठ होता, वरिष्ठ होता की जनरल होता ते कळतं. काही तलवारींना आणखी एक गोष्ट असते. लाकडाची, नाहीतर कापडाची एक पट्टी, तिच्यावर शाईने लिहिलेलं नाव, हुद्दा, कधी गावाचा पत्ता. 1945 साली शस्त्रं खाली ठेवताना अनेक अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने अशा पट्ट्या बांधल्या. आज ना उद्या तलवार घरी परत येईल, ही आशा त्यामागे होती.

अशा तलवारीखाली संग्रहालयाची पाटी बहुधा एका ओळीची असते: जपानी अधिकाऱ्याची तलवार, शरणागती, 1945. या एका ओळीवर माझा आक्षेप आहे. शरणागती कोणापुढे? ती घेणारं सैन्य कोणाचं होतं? तलवार ज्याच्या कमरेला होती त्याच्या हुकमाखाली कोण मेलं? यातलं काहीच सांगायचं नसेल, तर ती वस्तू संग्रहालयात कशासाठी ठेवायची हा प्रश्न उरतोच. आणि मग साहजिकच दुसरी मागणी पुढे येते, की ही परत देऊन टाका.

परत देण्याची भाषा आपल्याला नवी नाही. कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींकडून 1875-76 च्या दौऱ्यात ब्रिटिश युवराजाकडे गेलेली, जगदंबा म्हणून ओळखली जाणारी तलवार आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. 2024 मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या कराराने. 2025 मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून सुमारे 47 लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. या तिन्ही वेळी आपल्याकडे एकच घोषणा होती: परत आणा. ती घोषणा करणाऱ्यांत मीही आहे. म्हणूनच जपानी तलवारीचा प्रश्न मला टाळता येत नाही. आपली तलवार परत मागायची आणि दुसऱ्याची विचारसुद्धा न करता ठेवायची, हे पटणारं नाही. पण या सगळ्या तलवारी एकाच तागडीत तोलणंही बरोबर नाही.

जगदंबा देणारा मुलगा होता, आणि घेणारा त्याच्यावर राज्य करणाऱ्यांचा वारस होता. अशा ठिकाणी ‘भेट’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. शरणागतीची तलवार वेगळी. ती युद्ध हरलेल्या सेनापतीने, करारावर सही करून, साक्षीदारांसमोर दिलेली असते. ती लूट नाही, भेटही नाही. ती पावती आहे. पुरावा म्हणून जपायची वस्तू आहे, आणि पुराव्यावर लिहिलेलं वाचता आलं पाहिजे.

ही पावती घ्यायची की नाही, यावर विजेत्यांमध्येच मतभेद होते. जनरल मॅकआर्थर यांच्या मते तलवारी घेण्याचा सोहळा जुनाट होता, तो सक्तीने करू नये. आग्नेय आशियातले दोस्त सैन्याचे सरसेनापती माउंटबॅटन आणि ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सेनेचे जनरल स्लिम यांनी ते मानलं नाही. अधिकाऱ्यांनी तलवारी द्यायच्या, आणि त्या स्वतःच्या सैनिकांसमोर द्यायच्या, असं त्यांनी ठरवलं. 1918 नंतर जर्मनीत ‘आम्ही रणांगणावर हरलोच नव्हतो’ ही दंतकथा पसरली आणि तिची किंमत साऱ्या जगाने मोजली. जपानमध्ये पुन्हा तसं होऊ नये, हा विचार यामागे होता. जपानी लष्कराने 1934 आणि 1938 मध्ये अधिकाऱ्यांसाठी सामुराई घडणीच्या तलवारी पुन्हा आणल्या होत्या, त्याआधी त्यांच्याकडे युरोपीय धाटणीची मूठ होती. म्हणजे तलवारीतला मान त्या लष्करानेच जाणीवपूर्वक वाढवला होता. तो मान सैनिकांच्या डोळ्यांदेखत उतरवायचा, असा सरळ हिशेब होता. खंडेनवमीला ज्या घरात शस्त्रं पुजली जातात, तिथल्या माणसाला यातला घाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मला स्लिम यांची बाजू पटते. दीड-दोन वर्षांपूर्वी ज्या सैन्याने कोहिमा-इंफाळपर्यंत धडक मारली, त्याने हरल्याचं उघडपणे मान्य करणं गरजेचं होतं.

पण पुढे त्या तलवारी गेल्या कुठे, ते पाहा. सायगावमध्ये 30 नोव्हेंबर 1945 रोजी जपानी सैन्याचे फील्ड मार्शल तेराउची यांनी माउंटबॅटन यांना दोन तलवारी दिल्या, त्यांतली एक राजे सहावे जॉर्ज यांच्याकडे गेली. जगदंबा ज्या राजघराण्याच्या संग्रहात आहे, त्यालाच ती मिळाली. ब्रह्मदेशातले जपानी सेनापती किमुरा यांची तलवार स्लिम यांच्या घरी, शेकोटीवरच्या फळीवर विसावली. सिंगापूर जिंकणारे यामाशिता 3 सप्टेंबर 1945 रोजी फिलिपिन्समधल्या बागियोला शरण आले, त्यांची तलवार अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संग्रहालयात आहे. बागियोच्या त्या टेबलाशी जनरल पर्सिव्हल मुद्दाम हजर ठेवले होते. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर याच पर्सिव्हलनी यामाशितांच्या हवाली केलं होतं.

सगळी नावं मोठ्या माणसांची. चौदाव्या सेनेतले बहुसंख्य जवान मात्र हिंदुस्थानी होते. युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्याची संख्या 25 लाखांच्या घरात गेली होती. मार्च 1944 मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. पाण्याचे हाल, खडकाळ जमिनीत खंदक खणता येत नाहीत, वरून टाकलेली रसद निम्मी शत्रूच्या हातात, अशा स्थितीत ते लोक सहा दिवस टिकले आणि इंफाळ-कोहिमाच्या तयारीला तेवढा वेळ मिळाला. पुढच्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या अराकानात कांगाव इथे एकाच ब्रिगेडच्या तीन बटालियन तीन हिंदी अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढल्या: थिमय्या, एल. पी. सेन आणि आपले कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. तिघांनाही डी. एस. ओ. हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. सिंगापूरला 12 सप्टेंबर 1945 रोजी करारावर सह्या झाल्या, तेव्हा हिंदुस्थानच्या वतीने ब्रिगेडियर थिमय्या उपस्थित होते. अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या मैदानावर त्याच ऑक्टोबरमध्ये जपान्यांनी शस्त्रं ठेवली ती 116 व्या इंडियन इन्फन्ट्री ब्रिगेडपुढे. तरीही शरणागतीची तलवार म्हटलं की गोष्ट माउंटबॅटनची होते. ती देणारा जपानी, घेणारा इंग्रज. ती घेण्याची वेळ ज्यांनी आणली ते पाटीवर नसतातच.

आणि तलवारीखाली मेलेलेही नसतात. इथे मला ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनी बेटाबद्दल थोडं विस्ताराने लिहायचं आहे, कारण आपल्याकडे हे जवळजवळ कोणी बोलत नाही.

सिंगापूर पडलं तेव्हा चाळीस हजारांहून अधिक हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती लागले. काही आझाद हिंद सेनेत गेले, काहींनी नकार दिला. नकार देणाऱ्यांतल्या अनेकांना 1943 मध्ये जहाजांत कोंबून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनकडे नेलं. न्यू गिनीतल्या वेवाकच्या किनाऱ्यावर सुमारे 3 हजार जण उतरवले गेले. धावपट्ट्या बांधणं, बोटी रिकाम्या करणं, ओझी वाहणं ही कामं. अन्न जवळजवळ नाही, औषध नाही, आजारी पडला तरी मार. भूक, मलेरिया, गोळी आणि हीच तलवार. युद्ध संपलं तेव्हा त्यांतले अगदी थोडे उरले होते.

त्या भागातलं जपानी सैन्य जनरल आदाची यांच्या हाताखाली होतं. 13 सप्टेंबर 1945 रोजी वेवाकजवळ केप वोमच्या धावपट्टीवर ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या लांबच लांब रांगांमधून चालत येऊन त्यांनी मेजर जनरल रॉबर्टसन यांच्या हाती तलवार दिली. लाखावर सैन्यातले सुमारे 13 हजार तेवढे त्यांच्याकडे शिल्लक होते. त्यांची माणसंही उपासमारीनेच मेली होती, हे लिहिलं पाहिजे. 1947 मध्ये त्यांच्या सैन्याने कैद्यांवर केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांना जन्मठेप झाली आणि 10 सप्टेंबरला न्यू ब्रिटनमधल्या रबौलच्या छावणीत त्यांनी आत्महत्या केली. तलवार दोन वर्षांपूर्वीच गेली होती. हाताशी होता तो फळं सोलायचा गंजका चाकू.

वाचलेल्या हिंदी कैद्यांत चिंत सिंग नावाचे जमादार होते. त्यांच्या तुकडीतले जेमतेम अकरा जण ऑस्ट्रेलियन सैन्याला अंगोराम इथे जिवंत सापडले. अत्याचार करणाऱ्यांना ओळखायला आणि साक्ष द्यायला चिंत सिंग यांना मागे ठेवून घेतलं. बाकीचे दहा जण घरी परतण्यासाठी विमानात बसले आणि नोव्हेंबर 1945 मध्ये ते विमान कोसळलं. त्या सगळ्या नरकातून बाहेर पडलेले दहाही जण त्यात गेले. साक्षीसाठी थांबलेला तेवढा घरी आला. अंगोरामला आज त्या दहा जणांचं स्मारक आहे. रबौलजवळच्या बिटा पाका युद्धस्मशानात हिंदी कैद्यांच्या नावांचे दगड आहेत.

कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये शरणागत जपानी तलवारींचा मोठा संग्रह आहे. ऑस्ट्रेलियन कैद्यांची कहाणी ते लोक पोटतिडकीने सांगतात, आणि सांगायलाच हवी. जिथे जिथे न्यू गिनीतली तलवार मांडलेली असेल, तिथे तिच्याशेजारी वेवाकच्या हिंदी कैद्यांसाठी चार ओळी असाव्यात, एवढंच मी मागतो आहे. ही उपकाराची मागणी नाही. त्या खटल्यांत हिंदी सैनिकांच्या साक्षी उभ्या राहिल्या होत्या.

परदेशी संग्रहालयांना बोल लावणं सोपं आहे. आपण स्वतः या विषयावर गप्प का, याचंही उत्तर द्यायला हवं. मला दिसतं ते असं, की आपल्या मनात जपानची दोन चित्रं आहेत आणि ती शेजारी शेजारी ठेवायचं धाडस आपण केलेलं नाही. एका चित्रात नेताजी आहेत, 30 डिसेंबर 1943 ला पोर्ट ब्लेअरला फडकलेला तिरंगा आहे, आझाद हिंद सेनेने झेंडा रोवलेलं मणिपूरचं मोइरांग आहे. या चित्राबद्दल मला आदर आहे आणि तो मी लपवत नाही. दुसऱ्या चित्रात तेच पोर्ट ब्लेअर आहे, आणि तो तिरंगा फडकल्याला एक महिनाही उलटला नव्हता. सेल्युलर जेलमध्ये छळ होऊन डॉक्टर दिवाण सिंग जानेवारी 1944 मध्ये मरण पावले. त्याच 30 जानेवारीला होम्फ्रेगंजला 44 जणांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. मारले गेलेले लोक हिंदी होते आणि त्यांतले बरेच जण इंडियन इंडिपेंडन्स लीगचेच, म्हणजे आझाद हिंदच्याच बाजूच्या संघटनेचे. तिरंगा आणि होम्फ्रेगंज ही दोन्ही एकाच बेटाची, एकाच हिवाळ्याची हकीगत आहे.

कोणी न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचा दाखला देतं. जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो युद्धगुन्हे खटल्यात त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल दिला, म्हणून जपानमध्ये यासुकुनी मंदिराच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. पण पाल यांनी अत्याचार नाकारले नव्हते. अत्याचारांचा पुरावा जबरदस्त आहे, असंच त्यांनी नोंदवलं होतं. आक्षेप होता तो खटल्याच्या कायदेशीर पायावर. पाल यांचं नाव घेऊन न्यू गिनी पुसता येणार नाही.

आता परत देण्याच्या मागणीकडे येतो. सरसकट परत द्या म्हणणाऱ्यांनी जपानचा स्वतःचा कायदाही पाहावा. 1958 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तिथे पारंपरिक रीतीने घडवलेल्या, कलामूल्य असलेल्या तलवारीचीच नोंदणी होते. युद्धाच्या वर्षांत कारखान्यांतून हजारोंनी निघालेली, तेलात विझवून काढलेली पाती त्यात बसत नाहीत. ती मायदेशी गेली तर नोंदणी मिळणार नाही आणि शेवट भंगारात होईल. कॅनबेरा किंवा लंडनमधला पुरावा टोकियोत वितळवण्यासाठी पाठवणं मला कोणत्याही अंगाने न्याय वाटत नाही.

पण सगळीच पाती कारखान्याची नव्हती. काही अधिकाऱ्यांनी घरातलं दोन-तीनशे वर्षांचं पातं लष्करी मुठीत आणि तपकिरी म्यानात बसवून युद्धावर नेलं होतं. यामाशितांचं पातं सतराव्या शतकातलं आहे. रघुजी भोसल्यांच्या तलवारीचं पातं युरोपीय आणि मूठ इथली, तसाच हा प्रकार: एका वस्तूत दोन इतिहास. मुठीच्या आत दडलेल्या पात्याच्या शेपटावर घडवणाऱ्याची सही कोरलेली असते, आणि तिथला काळपट गंज जाणकार कधी घासून काढत नाहीत, कारण पात्याचं वय त्या गंजावरून कळतं.

अशी जुनी घराण्याची तलवार, मालकाच्या नावाची पट्टी बांधलेली, त्या लेफ्टनंटवर कसलाही आरोप नाही, आणि आज त्याची नात पत्र लिहून विचारते आहे, तर? तर माझं मत आहे की द्यावी. सगळी नोंद करून, छायाचित्रं ठेवून, सन्मानाने द्यावी. सैनिकांच्या खिशात सापडलेले, गावकऱ्यांच्या सह्या असलेले जपानी झेंडे अनेक अमेरिकी घरांनी आणि संस्थांनी असेच परत केले आहेत आणि त्यात कोणाचा विजय कमी झालेला नाही. सेनापतीने समारंभात दिलेली तलवार मात्र एका माणसाची नसते. तो सबंध सैन्याच्या वतीने देत होता. ती जिथे आहे तिथेच राहावी.

तिसरा प्रकार याहून वेगळा. युद्ध संपल्यावर अमेरिकी ताब्यात असलेल्या जपानमधल्या सामान्य घरांतूनही तलवारी गोळा केल्या गेल्या. त्यांनी कोणापुढे शरणागती पत्करली नव्हती, ती जप्ती होती. तोकुगावा घराण्याने डिसेंबर 1945 मध्ये टोकियोतल्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केलेल्या तलवारींत होंजो मासामुने होती. जपानमधल्या सर्वश्रेष्ठ तलवारींत तिची गणना होत असे. ती गेली ती गेलीच, आजवर सापडलेली नाही. आकाबानेच्या गोदामात साठवलेल्यांपैकी साडेपाच हजारांच्या आसपास तलवारी वाचल्या, त्या टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आल्या, आणि तब्बल अर्ध्या शतकानंतर, 1999 मध्ये, त्यांतल्या तीन हजारांहून अधिक जपानमधल्या गावोगावच्या संग्रहालयांना वाटल्या गेल्या. अशी जप्तीची तलवार कुठल्या पाश्चात्त्य संग्रहालयात ‘शरणागती’च्या पाटीखाली पडून असेल तर ती पाटी खोटी आहे. तिच्याबाबत मी आपल्या जगदंबेच्या बाजूनेच बोलेन.

म्हणजे प्रत्येक तलवारीची चौकशी वेगळी करावी लागेल. वेळ लागेल, मूठ उतरवून सही वाचणारा जाणकार लागेल, पट्टीवरची फिकट शाई वाचणारा जपानी भाषेचा माणूस लागेल. हे काम टाळायचं आणि ‘शरणागती, 1945’ असं लिहून मोकळं व्हायचं, हे आता चालू नये.

काहींना वाटतं, आज जपान आपला मित्र आहे, जुन्या जखमा कशाला उकरायच्या. इंफाळजवळ मायबाम लोतपा चिंगला 2019 मध्ये जपानी संस्थेच्या मदतीने शांतता संग्रहालय उभं राहिलं. मला ते फार मोलाचं वाटतं. ज्या टेकडीवर दोन्हीकडची पोरं मेली तिथेच ते आहे, आणि तिथे लढाई लपवलेली नाही. मैत्री टिकवायला वेवाक लपवावं लागतं, असं मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

हिंदी पलटणींनी आणलेल्या तलवारी आपल्याकडेही आहेत, मेसच्या भिंतींवर, रेजिमेंटच्या दालनांत. तिथे सुरुवात करणं आपल्या हातात आहे. प्रत्येकीखाली लिहावं: कोणत्या ठिकाणी, कोणत्या तारखेला, कोणत्या पलटणीने घेतली, देणारा कोण होता, त्या मोहिमेत आपले किती गेले, आणि त्या माणसाच्या हुकमाखाली कैद्यांचं काय झालं. पट्टीवर नाव असेल तर तेही वाचून लिहावं.

आणि सातारा, कोल्हापूर, बेळगाव, रत्नागिरीकडच्या घरांना माझी एक विनंती. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा बर्मा स्टार, म्हणजे ब्रह्मदेशच्या मोहिमेचं पदक, असेल, वेतनपुस्तक असेल, सिंगापूरनंतर आलेली ‘बेपत्ता’ अशी तार असेल, तर ती रद्दीत घालू नका. त्यावरचा सैनिक क्रमांक आणि पलटणीचं नाव उतरवून रेजिमेंटच्या संग्रहालयाला कळवा. त्या नव्या पाटीवर आपल्याकडची नावं लिहायला हाच कागद लागणार आहे.